दाताच्या दवाखान्यातलं निर्जंतुकीकरण: नियम करायचे तर तपासायचं नेमकं काय?

वरळी_नाका

मुंबईत दाताचा दवाखाना चालवायला कुठले कागद लागतात ते आधी मांडतो, म्हणजे भोक कुठे आहे ते दिसेल.

डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे, १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यापासून चालत आलेली. एक्स-रे मशीन असेल, मग ते भिंतीवरचं छोटं असो की ओपीजी (संपूर्ण जबड्याचा एक्स-रे काढणारं), तर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या ई-लोरा पोर्टलवर नोंद. कचऱ्यासाठी जैववैद्यकीय कचरा नियम २०१६, प्रदूषण नियंत्रण मंडळाची मंजुरी, पिवळ्या-लाल पिशव्या, सुयांसाठी न भोसकला जाणारा पांढरा डबा, काचेसाठी निळा. म्हणजे किरणांवर लक्ष आहे आणि कचऱ्यावरही आहे. पण अवजार एका रुग्णाच्या तोंडातून निघून दुसऱ्याच्या तोंडात जाईपर्यंत त्याचं काय होतं, हे बघायला कुणी येत नाही.

नर्सिंग होमचा १९४९ चा कायदा खाटांसाठी आहे. नुसती खुर्ची असलेला दवाखाना त्यात बसत नाही. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. एनएबीएच या रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणाऱ्या मंडळाचे दंत दवाखान्यांसाठी निकष आहेत, ते ऐच्छिक. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०२० च्या संसर्ग-नियंत्रण मार्गदर्शक सूचना आहेत, त्या सूचनाच.

आता राष्ट्रीय दंत आयोगाचा २०२३ चा कायदा आला आहे, नियमांची भाषा पुन्हा सुरू होईल. माझी भीती अशी की नियमात एक ओळ येईल, 'दवाखान्यात ऑटोक्लेव्ह असावा', आणि विषय मिटेल. ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने अवजारं निर्जंतुक करणारं मशीन, बहुतेकांकडे असतोच. काल दुपारी लावलेल्या लोडमध्ये वाफ अवजाराच्या आतपर्यंत पोचली का, याचा पुरावा मागणारा नियम हवा. तो कसा लिहायचा, त्यावर जाणकारांनी लिहावं.

सूक्ष्मदर्शिका

सुरुवात हवेपासून करते, कारण निम्मे घोटाळे तिथेच होतात.

कुकरसारख्या उभ्या ऑटोक्लेव्हमध्ये काटा १५ पौंडांवर गेला की १२१ अंश झाले असं धरलं जातं. हे फक्त आतली सगळी हवा बाहेर गेली असेल तर खरं. हवा अजिबात निघाली नसेल तर त्याच १५ पौंडांवर आत साधारण १०० अंशच असतात. अर्धी निघाली तर ११२, दोन तृतीयांश निघाली तर ११५. काटा तिन्ही वेळा १५ च दाखवतो. म्हणून व्हेंट (हवा-वाफ सोडायचं तोंड) उघडा ठेवून वाफेची सलग, जोरदार धार पाच-सात मिनिटं जाऊ द्यायची आणि मग बंद करायचा. घाईच्या वेळी नेमकी हीच पायरी गळते.

दुसरा घोटाळा टेपचा. पाऊचवरची (अवजाराच्या कागद-प्लॅस्टिकच्या पाकिटावरची) किंवा ड्रमवरची पट्टी काळी झाली याचा अर्थ पाकीट गरम वाफेत जाऊन आलं, एवढाच. निर्जंतुक झालं असं ती सांगत नाही. वेळ, तापमान आणि वाफ तिन्ही बघणारी पट्टी वेगळी असते, तिला पाचव्या किंवा सहाव्या वर्गाची म्हणतात. ती पाकिटाच्या आत, अवजारांच्या मध्ये ठेवायची. बाहेरून दिसणारी पट्टी 'हे लावलेलं, हे न लावलेलं' असा गोंधळ टाळण्यापुरती.

खरी परीक्षा जिवाणूंच्या बीजाणूंची. वाफेसाठी जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस, कोरड्या उष्णतेसाठी बॅसिलस ॲट्रोफियस. हे बीजाणू मरायला सर्वांत चिवट. या बीजाणूंची कुपी नेहमीच्या भरलेल्या लोडमध्ये, वाफ पोचायला सर्वांत अवघड जागी ठेवायची, मग ५५ ते ६० अंशांवर उबवायची. सोबत त्याच बॅचची, ऑटोक्लेव्हमध्ये न घातलेली दुसरी कुपीही उबवायची. पहिलीत वाढ दिसली नाही तर पास, पण या दुसरीत वाढ दिसलीच पाहिजे. नाहीतर बॅचच मेलेली होती आणि पहिलीचा निकाल कवडीमोलाचा. रिकाम्या मशीनमध्ये कुपी ठेवून पास करून घेणं म्हणजे परीक्षा न देताच पास होणं.

कुर्ला_सर्व्हिस

मशीनच्या बाजूने लिहितो. टेबलावरचे ऑटोक्लेव्ह तीन जातीचे. एन म्हणजे साधा, वाफ वर चढते आणि हवेला खाली ढकलते. बी म्हणजे पंप हवा ओढून काढतो, वाफ सोडतो, पुन्हा ओढतो, असं तीन-चार वेळा. एस मधला, कंपनी ज्या वस्तूंसाठी सांगेल त्यापुरता. एन मशीन घन, उघड्या, न गुंडाळलेल्या अवजारांसाठी आहे. पाऊचमध्ये घातलेला एअरोटर (दात कोरायचं हवेवर फिरणारं हँडपीस) त्यात टाकला तर आतल्या बारीक नळ्यांमधली हवा निघत नाही. बाहेरून कोरा करकरीत, आत जसाच्या तसा.

डीलर 'बी टाइप', 'बी सारखा', 'व्हॅक्यूमवाला' असं काहीही म्हणून विकतात. शेवटी एकदाच व्हॅक्यूम मारून पाऊच सुकवणाऱ्या मशीनलाही व्हॅक्यूमवाला म्हणतात. घेताना विचारायचं, सुरुवातीला किती वेळा व्हॅक्यूम घेतो आणि कुठल्या मानकाला धरून आहे. उत्तर ईएन १३०६० बी (छोट्या ऑटोक्लेव्हचं युरोपीय मानक) हवं, आणि ते बोर्डावर नको, कागदावर हवं.

बी मशीन आहे म्हणून काम झालं असंही नाही. रोज सकाळी पहिल्या लोडआधी हेलिक्स टेस्ट लावायची. दीड मीटर लांब, दोन मिलिमीटर पोकळीची नळी, टोकाला डबी, डबीत पट्टी. पट्टीचा रंग पूर्ण बदलला तर वाफ नळीच्या टोकापर्यंत गेली. आठवड्यातून एकदा व्हॅक्यूम लीक टेस्ट, गळती मिनिटाला १.३ मिलिबारपेक्षा जास्त नको. बहुतेक वेळा दोषी दाराचं रबर निघतं. त्यावर तेलाचा थर, कापसाचा धागा, नाहीतर पाऊचचा कपटा. ओल्या फडक्याने रोज पुसलं तर रबर टिकतं. सुरीने खरवडलं तर गेलं.

आणि पाणी. हे वेगळं लिहितो, कारण सर्वांत जास्त मशीन पाण्याने मरतात.

गिरगावकर_०४

पाण्याचं लिहाच. बॅटरीचं पाणी चालतं का, एसीचं पाणी चालतं का, हे दोन प्रश्न प्रिन्सेस स्ट्रीटच्या दवाखाना-सामानाच्या दुकानांत प्रत्येक काउंटरवर ऐकू येतात.

कुर्ला_सर्व्हिस

एसीचं पाणी नको. दिसायला स्वच्छ असतं, पण कॉइलवरची धूळ, बुरशी आणि धातूचा अंश घेऊन येतं. बॅटरीचं पाणी, कॅनवर डिस्टिल्ड लिहिलं असलं तरी, मोजून मगच घ्यायचं. विद्युतवाहकता १५ मायक्रोसीमेन्सच्या आत हवी. साध्या टीडीएस मीटरवर ते साधारण ७-८ येतं. त्याच्या वर गेलं तर कॅन परत. पालिकेचं पाणी तानसा-भातसा धरणांचं, पिण्याला मऊ आहे, पण ऑटोक्लेव्हसाठी तेही जड. सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी मिसळलेलं असेल तर प्रश्नच मिटला. क्षार वाफेबरोबर उडून चेंबरला पांढरट-तपकिरी डाग पाडतात, व्हॉल्व्ह अडकतात, आणि क्लोराइडमुळे स्टीललाही बारीक खड्डे पडतात.

तेच तेच पाणी फिरवणारी मशीन असेल तर टाकी आठवड्याला पूर्ण रिकामी करायची. एअरोटरचं तेल त्यात उतरतं आणि पुढच्या प्रत्येक लोडवर बसतं.

मुलुंड_दंत

मशीन, बीजाणू, सगळं मान्य. पण नियम मशीनपासून सुरू झाला तर उलटा सुरू झाला असं मला वाटतं. सुकलेलं रक्त चिकटलेल्या अवजारावर १३४ अंश काय करणार? रक्त भाजून निघतं, त्याखालचं तसंच राहतं.

क्रम असा. खुर्चीवरून उचललं की झाकणाच्या ट्रेमध्ये. लगेच धुणं शक्य नसेल तर एन्झाइमच्या द्रावणात, नाहीतर निदान ओल्या गॉझखाली, म्हणजे सुकणार नाही. हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचच्या द्रावणात) भिजवत ठेवायचं नाही. स्टील खड्ड्याखड्ड्यांचं होतं आणि खड्ड्यात पुढचं रक्त बसतं. मग अल्ट्रासॉनिक (ध्वनिकंपनांनी धुणारी टाकी), जाळीच्या टोपलीत, झाकण लावून, फोरसेप (दात काढायचे चिमटे) उघडे ठेवून, पाच ते दहा मिनिटं. टोपलीबाहेर तळाशी टाकलेल्या अवजाराची सफाई होत नाही आणि टाकीही बिघडते. द्रावण रोज बदलायचं, गढूळ झालं तर मधेच. टाकी काम करते का हे बघायला ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा उभा धरायचा. सगळीकडे सारख्या बारीक खळग्या पडल्या तर ठीक, एका बाजूला कोरा राहिला तर तिथला ट्रान्सड्यूसर (कंपनं देणारा भाग) गेला.

मग नळाखाली खळखळून धुवायचं, कोरडं करायचं, भिंगाखाली बघायचं. स्केलरच्या टिपेचा मागचा भाग, फोरसेपची बिजागरी, एलिव्हेटरची मान. इथे काही दिसलं तर परत पहिल्या पायरीला. आरसीटीच्या (रूट कॅनालच्या) फाइल्स, म्हणजे दाताच्या मुळाची पोकळी घासायच्या बारीक सुया, त्यांच्या खाचा पूर्ण साफ होतच नाहीत. त्या एका रुग्णापुरत्याच ठेवाव्यात असं माझं ठाम मत आहे. ग्लास बीडमध्ये (तापवलेल्या काचेच्या मण्यांत) दहा सेकंद खुपसून पुढच्या रुग्णाला वापरणं हे निर्जंतुकीकरण नाही. मण्यांमध्ये वरचा थर आणि तळ यांचं तापमानच सारखं नसतं, आणि फाइलची मूठ तर बाहेरच राहते.

एअरोटर काढण्याआधी २०-३० सेकंद हवा-पाणी चालू ठेवायचं. टर्बाइन थांबताना तोंडातलं पाणी आत खेचलं जातं, ते बाहेर पडावं म्हणून. मग बाहेरून धुणं, आतून साफ करणं, तेल, आणि जादा तेल फिरवून उडवून टाकणं. ही शेवटची पायरी सगळ्यात जास्त विसरली जाते. तेलाच्या थराखाली वाफ पोचत नाही. मग पाऊच. स्पिरिटने पुसून पुढच्या रुग्णाला लावलेला एअरोटर हा आपल्याकडचा सर्वांत मोठा प्रश्न आहे, कारण त्याला कुणी चूकच समजत नाही.

शिवडी_क्रॉस

एअरोटर प्रत्येक रुग्णाला नवा, हे बोलायला सोपं. एका खुर्चीच्या दवाखान्याला किती लागतील?

मुलुंड_दंत

हिशोब करू. संध्याकाळच्या पाच तासांत एअरोटर लागणारे दहा रुग्ण, म्हणजे तासाला दोन. धुणं-तेल-पॅकिंग पंधरा मिनिटं, बी क्लासची १३४ अंशांची सायकल सुकवण्यासकट पाऊण तास, गार व्हायला पंधरा मिनिटं. एकूण सव्वा तास. दोन-दोन तासांनी लोड लावलात तर तोपर्यंत चार वापरून झालेले, ते परत येईपर्यंत आणखी तीन लागणार. सात, आणि एक बिघडेल म्हणून जादा. तासा-तासाने लावलात तर पाच आणि एक. महागड्या ब्रँडचे दोन घेण्यापेक्षा मध्यम किमतीचे सहा घेतलेले बरे. फक्त त्यावर १३४ अंशांचं चिन्ह कोरलेलं बघून घ्यायचं.

वरळी_नाका

हा हिशोब नियमासाठीच फार उपयोगी आहे. तपासायला येणाऱ्याने मशीन बघण्याआधी एअरोटर मोजावेत. रुग्णांच्या वहीत दिवसाला वीस नावं आणि दवाखान्यात दोनच एअरोटर असतील तर पुढे काही विचारायची गरज नाही.

अंजली_ठाकूरद्वार

ऑटोक्लेव्हवर इतकं लिहिलं जातंय, पण सर्वांत वाईट घटना ऑटोक्लेव्हच्या बाहेर घडल्या आहेत. २०२३ साली तमिळनाडूतल्या वाणियंबाडीत एका दंत दवाखान्याशी जोडलेला मेंदूच्या मेलिओयडोसिसचा (माती-पाण्यातल्या जिवाणूमुळे होणाऱ्या संसर्गाचा) उद्रेक झाला. त्या दवाखान्याशी संबंध असलेले दहा रुग्ण, त्यातले आठ दगावले. जंतू सापडला तो सलाइनच्या वापरात असलेल्या बाटलीत. बाटली अवजाराने उघडायची, सैल बंद करून ठेवायची आणि पुढच्या रुग्णांना तीच वापरायची, अशी पद्धत होती.

आता आपल्याकडची दृश्यं आठवा. ५०० मिलिच्या सलाइन बाटलीच्या बुचात कायमची खोचून ठेवलेली सुई. सगळा दिवस, कधी कधी दोन-तीन दिवस, तिच्यातून सिरिंज भरली जाते. सुईवाटे हवा आत-बाहेर करत राहते. नियमात हे स्पष्ट शब्दांत हवं: शस्त्रक्रियेच्या धुण्यासाठी एका रुग्णाला एक सीलबंद बाटली, उरलेलं फेकायचं. १०० मिलिच्या बाटल्या मिळतात, त्या ठेवा.

दुसरं, लिग्नोकेन या बधिर करायच्या औषधाची ३० मिलिची कुपी. सुई बदलली आणि सिरिंज तीच ठेवली तर बदल काहीच झाला नाही. दट्ट्या मागे येताना रुग्णाचं रक्त नळीत आलेलं असू शकतं. पुन्हा कुपीत टोचलं की कुपी सगळ्यांची झाली. प्रत्येक वेळी सुई नवी आणि सिरिंजही नवी. बूच स्पिरिटने पुसून सुकू द्यायचं. उघडल्याची तारीख लिहायची आणि २८ दिवसांनी टाकून द्यायची, कंपनीने कमी सांगितलं असेल तर त्याआधी. १.८ मिलिचं कार्ट्रिज (एका वेळेपुरतं औषध भरलेली नळी) वापरलं तर हा प्रश्नच उरत नाही, पण अर्धं उरलेलं कार्ट्रिज दुसऱ्याला नाही.

तिसरं, चीटल फोरसेपची बाटली. सॅव्हलॉनच्या पाण्यात बुडवून ठेवलेला तो चिमटा सगळी निर्जंतुक अवजारं उचलतो, आणि ते पाणी कधी बदललं ते कुणाला माहीत नसतं. ती बाटली काढून टाका. चिमटाही पाऊचमध्येच ठेवा.

सूक्ष्मदर्शिका

अंजलीताई, हे वेगळ्या धाग्याइतकं महत्त्वाचं आहे. यालाच जोडून खुर्चीच्या पाण्याचं लिहिते.

खुर्चीतल्या नळ्या दोन-तीन मिलिमीटरच्या. रात्रभर पाणी उभं राहतं, आत जंतूंचा चिकट थर धरतो. अमेरिकेतला निकष साध्या कामासाठी दर मिलिलिटरला ५०० जंतू-वसाहतींच्या आत. निगा न राखलेल्या नळीत हा आकडा कितीतरी पट चढतो. जॉर्जियात २०१५ साली आणि कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइममध्ये २०१६ साली लहान मुलांच्या दुधाच्या दातांच्या उपचारानंतर मायकोबॅक्टेरियम ॲब्सेससचे उद्रेक झाले, कारण हेच पाणी.

मुंबईत एक गैरसमज मोठा आहे, आरओचं पाणी बाटलीत भरलं की प्रश्न सुटला. आरओमुळे पालिकेने घातलेला क्लोरीन निघून जातो आणि नळीतल्या जंतूंना मोकळं रान मिळतं. बाटली रोज रिकामी करून सुकवायची, नळ्यांसाठीचं द्रावण खुर्चीच्या कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात घालायचं, ठरावीक अंतराने तीव्र मात्रा देऊन नळ्या धुवायच्या, आणि सकाळी व प्रत्येक रुग्णानंतर पाणी सोडायचं. पाणी सोडल्याने थर जात नाही, तेवढ्यापुरतं उभं पाणी निघतं. दात काढताना हाड कापायचं असेल तर हे पाणी नाहीच, निर्जंतुक सलाइन.

चेंबूर_कॉलनी

मूळ प्रश्नाकडे येतो. पुरावा म्हणून काय धरायचं? कॅलिफोर्नियात दर आठवड्याला बीजाणू चाचणी सक्तीची आहे. इंग्लंडची एचटीएम ०१-०५ ही दंत दवाखान्यांसाठीची सरकारी मार्गदर्शिका मात्र बीजाणूंवर अवलंबून नाही. ते रोजची वाफ-प्रवेश चाचणी आणि प्रत्येक सायकलच्या तापमान-दाब-वेळेच्या नोंदी बघतात. मला दुसरी पद्धत आपल्यासाठी बरी वाटते. बीजाणूंचा निकाल एक-दोन दिवसांनी येतो, तोवर अवजारं वापरून झालेली असतात. मशीनमधून निघणारी नोंदीची छापील पट्टी त्याच क्षणी सांगते की १३४ अंश तीन मिनिटं टिकले की नाहीत.

सूक्ष्मदर्शिका

छापील पट्टी मशीनचाच सेन्सर छापतो. सेन्सर सरकला असेल तर तो चुकीचं तापमान प्रामाणिकपणे छापत राहील. इंग्लंडमध्ये ती पद्धत चालते कारण तिथे मशीनची ठरावीक काळाने बाहेरच्या तज्ज्ञाकडून, वेगळे सेन्सर लावून पडताळणी होते. आपल्याकडे दवाखान्यातला ऑटोक्लेव्ह घेतल्या दिवसापासून बंद पडेपर्यंत कुणी मोजत नाही. आणि छपाईच नसलेल्या हजारो उभ्या आणि एन मशीनचं काय? बीजाणू कुपी कुठल्याही मशीनमध्ये घालता येते, तिला मशीनवर विश्वास ठेवावा लागत नाही.

कुर्ला_सर्व्हिस

दोघांचंही बरोबर. वर्षातून एकदा कॅलिब्रेशन (सेन्सर बरोबर मोजतो का याची पडताळणी) सक्तीचं केलं तर चेंबूरवाल्यांची पद्धत चालेल, पण कॅलिब्रेशनच्या नावाखाली नुसता स्टिकर चिकटवून जाणारे आहेत. सर्टिफिकेटवर कुठल्या साधनाने मोजलं, त्या साधनाचा स्वतःचा दाखला कधीचा, चेंबरमध्ये किती ठिकाणी मोजलं, हे नसेल तर तो कागद घेऊ नका.

चेंबूर_कॉलनी

सूक्ष्मदर्शिका, सेन्सरचा मुद्दा पटला. मग असं: प्रत्येक सायकलची नोंद, रोज हेलिक्स, आठवड्याला बीजाणू. छपाई नसेल तर असिस्टंटने हाताने लिहायचं: लोड क्रमांक, वेळ, गाठलेलं तापमान, दाब, किती मिनिटं, आतल्या पट्टीचा रंग, सही. आणि तोच लोड क्रमांक पाऊचवर आणि रुग्णाच्या केसपेपरवर. हा शेवटचा दुवा नसेल तर वही निरुपयोगी. कुपी नापास झाली तर कुणाला फोन करायचा हेच कळणार नाही.

शिवडी_क्रॉस

कुपी नापास झाली तर नेमकं काय करायचं? सगळ्या रुग्णांना बोलवायचं?

सूक्ष्मदर्शिका

आधी मशीन बाजूला. मग भरणं, वेळ, पाणी, पाकिटं, सगळं तपासून तशाच लोडमध्ये पुन्हा कुपी, सोबत आतली पट्टी आणि काट्यांची नोंद. दुसरी पास झाली आणि बाकी सगळं ठीक असेल तर बहुधा भरण्यात चूक होती, ती दुरुस्त करून मशीन चालू. दुसरीही नापास, तर मशीन दुरुस्तीला, आणि शेवटच्या पास कुपीनंतरची सगळी पाकिटं उघडून पुन्हा करायची. दुरुस्तीनंतर रिकाम्या चेंबरमध्ये लागोपाठ तीन कुप्या पास झाल्या की मगच वापर. आठवड्याची चाचणी का, ते इथे कळतं. महिन्याला केली तर महिन्याभराची पाकिटं परत घ्यावी लागतील.

विलेपार्ले_पूर्व

तपासणार कोण, यावर कुणी बोललं नाही. वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे आधीच डेंग्यू-मलेरियापासून सगळं आहे. शिवाय तपासनीस आले की हप्ते आले, ही भीती छोट्या दवाखान्यांना आहे आणि ती खोटी नाही. दोनशे चौरस फुटांच्या गाळ्यात बी क्लास मशीन, वेगळी धुण्याची जागा, सगळं एकदम सक्तीचं केलं तर उपनगरातले स्वस्त दवाखाने बंद होतील. मग गरीब रुग्ण ज्याच्याकडे कुठलीच नोंदणी नाही त्याच्याकडे जाईल.

वरळी_नाका

म्हणूनच माणूस पाठवण्यापेक्षा कुपी पाठवायची पद्धत मला जास्त पटते. अमेरिकेत कित्येक दंत महाविद्यालयं पोस्टाने ही सेवा देतात. दवाखान्याला बीजाणूंच्या पट्ट्या येतात, लोडमध्ये घालून परत पाठवायच्या, प्रयोगशाळा उबवून निकाल कळवते. आपल्याकडे नायर दंत महाविद्यालय आहे, सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे, शहरात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळांची वानवा नाही. निकाल थेट परिषदेच्या पोर्टलवर चढला तर हप्त्याला जागा उरत नाही. लागोपाठ नापास होणाऱ्याकडे किंवा पट्ट्याच न पाठवणाऱ्याकडेच माणूस जाईल.

जागेचं म्हणाल तर दोनशे चौरस फुटांतही एका ओट्यावर दिशा पाळता येते. डावीकडे सिंक आणि घाण अवजार, मग अल्ट्रासॉनिक, मग पॅकिंग, उजव्या टोकाला ऑटोक्लेव्ह. धुतलेलं अवजार डावीकडे परत यायचं नाही. ओट्यावर रंगीत टेपची एक रेघ पुरते.

बी क्लाससाठी मुदत द्यावी. तोवर एन मशीनवाल्याने घन अवजारं उघडी निर्जंतुक करून लगेच वापरावीत, आणि एअरोटरसाठी दुसऱ्या दवाखान्याचं बी मशीन वाटून घ्यावं. एका इमारतीत तीन दंतवैद्य असतात, हे अशक्य नाही.

मुलुंड_दंत

वाटून घ्यायला हरकत नाही, पण नेण्या-आणण्याचा डबा बंद आणि कडक हवा, आणि लोडची नोंद दोन्हीकडे.

पावसाळ्याबद्दल एक, कारण सध्या दमट हवेने पाकिटांची वाट लागते. ओलं पाकीट निर्जंतुक धरायचं नाही. ओल्या कागदातून जंतू आत शिरतात. पाकिटं आडवी थापून भरली की मधली ओली राहतात. रॅकमध्ये उभी, कागदाची बाजू पुढच्याच्या प्लॅस्टिकच्या बाजूकडे, चेंबर पाऊणच भरायचं. बाहेर काढल्यावर गरम पाकिटं ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवू नका, खालून पाणी धरतं. तारेच्या जाळीवर गार होऊ द्या. साठवण बंद खणात, सिंकखालच्या कपाटात कधीच नाही. यूव्ही चेंबर फक्त ठेवायला आहे. त्यात ठेवल्याने अवजार निर्जंतुक होत नाही, सावलीतल्या बाजूला किरण पोचतच नाहीत. फॉर्मेलिनच्या गोळ्यांचा डबा तर बंदच करा, फॉर्माल्डिहाइडमुळे कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे.

अंजली_ठाकूरद्वार

असिस्टंट मुली आणि साफसफाईच्या मावशी यांचं नियमात नाव हवं. सुया, फाइल्स सगळ्यात जास्त त्यांनाच टोचतात. हिपॅटायटिस बीची लस ०, १ आणि ६ महिन्यांनी, शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासायच्या, दर मिलिलिटरला १० मिलि-युनिटच्या (mIU) वर हव्यात. अवजारं धुताना पातळ तपासणीचे ग्लोव्ह नाहीत, जाड रबरी. सुई टोचली तर साबण-पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही, आणि एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्यांसाठी शक्यतो दोन तासांत सरकारी किंवा पालिका रुग्णालय गाठायचं. ७२ तासांनंतर उपयोग नाही. हा पत्ता आणि फोन भिंतीवर लावलेला असावा.

गिरगावकर_०४

इम्प्रेशनचं, म्हणजे दातांच्या साच्याचं राहिलं. लॅबचा मुलगा येतो, ओल्या टिश्यूत गुंडाळलेलं आल्जिनेट (साचा घ्यायचं रबरासारखं मिश्रण) पिशवीत घालतो आणि लोकलने निघतो. धुतलेलंही नसतं बऱ्याचदा.

मुलुंड_दंत

नळाखाली लाळ-रक्त जाईपर्यंत धुवायचं, अर्धा टक्का हायपोक्लोराइट फवारून बंद पिशवीत दहा मिनिटं, पुन्हा धुवून मग लॅबला. ५ टक्क्यांचं द्रावण असेल तर एक भाग त्याचा, नऊ भाग पाणी, रोज ताजं. आल्जिनेट बुडवून ठेवलं तर पाणी पिऊन फुगतं आणि कॅप बसत नाही, म्हणून फवारणी. लॅब-स्लिपवर 'जंतुनाशक फवारलं' अशी खूण करा, म्हणजे तिकडचे दुसऱ्यांदा बुडवणार नाहीत.

वसई_रोड

आमच्याकडे वीज जाते. सायकल अर्ध्यात तुटली तर उरलेली मिनिटं भरून काढली तर चालतं का?

कुर्ला_सर्व्हिस

नाही. १३४ वर पोचून एक मिनिट झालं आणि वीज गेली, तर ते मिनिट मोजायचं नाही. पाकिटं फोडून नव्या पाऊचमध्ये घालून पूर्ण सायकल पहिल्यापासून. वीज सुकवताना गेली आणि पट्टीवर होल्डची वेळ पूर्ण दिसत असली तरी पाकिटं ओली असतात, म्हणून तेच करायचं. इन्व्हर्टरवर ऑटोक्लेव्ह टाकू नका, हीटरचा भार त्याला झेपत नाही. जनरेटर नसेल तर वीज जाण्याची वेळ बघून लोड लावा, आणि तुटलेली सायकलही वहीत लिहा, क्रमांक गाळू नका.